कवितेचं नाव आधी काढू नकोस

प्रिय मित्रा,

कविता शिकवायला घेतली की तुझा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो आणि गोष्ट काढली की सरसावून बसतो, असं तू लिहिलंस. मग गोष्टच काढ की! फक्त ती कवितांमधून सांगितलेली असू दे. मुलांसाठीच्या पद्य-कादंबऱ्या नेमक्या या कामाच्या. एकापाठोपाठ एक छोट्या कविता, बहुतेक मुक्तछंदातल्या, आणि त्या सगळ्यांतून पुढे सरकणारं एक कथानक. पानावर शब्द मोजके, त्यामुळे वाचनाला बिचकणारी मुलंही भराभर पानं उलटतात. पण नुसतं ‘सोपं पुस्तक’ म्हणून ते हातात ठेवलंस, तर गोष्ट संपेल आणि कविता जिथल्या तिथे राहील.

सुरुवात शॅरन क्रीच यांच्या ‘लव्ह दॅट डॉग’पासून (२००१) कर. ही जॅक नावाच्या शाळकरी मुलाची वही. कविता मुली लिहितात, मुलगे नाही, असं तो पहिल्याच नोंदीत बाईंना सुनावतो. विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल ढकलगाडीवरची कविता वाचून तर तो वैतागतोच. ही जर कविता असेल, तर कुठल्याही शब्दांची कविता होईल, ओळी तेवढ्या आखूड करायच्या, असं त्याचं म्हणणं.

हा आक्षेप खोडून काढायला धावू नकोस. मला तर तो पुस्तकातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो. जॅकचं बरोबर आहे का, ते वर्गालाच तपासू दे. फळ्यावर एक साधं वाक्य सलग लिही: ‘आईनं दार उघडलं तेव्हा बाबांचे बूट तिथे नव्हते.’ मग म्हण, शब्द बदलायचे नाहीत, ओळी हव्या तिथे तोडा. कुणी असं करेल:

आईनं दार उघडलं तेव्हा
बाबांचे बूट
तिथे
नव्हते.

कुणी म्हणेल, ‘तिथे’ एकटं कशाला? दुसरं कुणी म्हणेल, एकटं आहे म्हणूनच तर आपण क्षणभर थांबतो, बूट शोधतो. दोन्ही प्रकारे मोठ्यानं वाचून घे. इथे तू गप्प राहिलास तर जास्त शिकवशील. अलंकार, वृत्तं, कवीला काय म्हणायचं आहे, हे सगळं नंतर.

पुढे जॅकला वॉल्टर डीन मायर्स यांची एक कविता इतकी आवडते की तिचा साचा उसना घेऊन तो आपल्या कुत्र्यावर लिहितो. तुझ्या मुलांनाही असं उसनं घेऊ दे. कोऱ्या कागदापुढे बसवून ‘कविता लिहा’ म्हणणं हा निव्वळ छळ आहे. जॅकनं वाचलेल्या कविता पुस्तकाच्या शेवटी दिल्या आहेत. त्या गोष्ट संपल्यावर वाच. तोवर जॅक त्यांच्याशी भांडलेला असतो, त्यामुळे मुलांना त्या ओळखीच्या वाटतात.

खेळवेड्या मुलांसाठी क्वामी अलेक्झांडर यांचं ‘द क्रॉसओव्हर’ ठेव. बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची ही गोष्ट सामन्यासारखी क्वार्टरांमध्ये विभागली आहे आणि कुठे कुठे शब्द पानभर उड्या मारतात. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी दिलं जाणारं न्यूबेरी पदक २०१५मध्ये त्याला मिळालं. ते मोठ्यानंच वाचायचं, बसून नाही, उभं राहून.

कॅरन हेस यांचं ‘आउट ऑफ द डस्ट’ मात्र घाईनं देऊ नकोस. तेही न्यूबेरी मिळालेलं (१९९८), आणि कविता म्हणून मला या तिघांत तेच सरस वाटतं. १९३०च्या दशकातल्या ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळांचा काळ. भाषाही तशीच कोरडी, पाणी आटलेली. पण त्यात आग आहे, आईचा मृत्यू आहे, पियानो वाजवणाऱ्या मुलीचे भाजलेले हात आहेत. वर्गात नुकतंच कुणी घरचं माणूस गमावलं असेल, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेव.

आणि हो, या प्रकारात फसवी पुस्तकंही ढिगानं आहेत, कथेचं गद्य कापून खालीखाली मांडलेली. नवं पुस्तक निवडताना एखादं पान घे, ओळी जोडून सलग वाच. काहीच हरवलं नाही असं वाटलं, तर वर्गासाठी दुसरं शोध.

बुटांच्या वाक्यावरून वर्गात काय वादावादी झाली, ते मला सविस्तर कळव. मुलांनी तोडलेल्या ओळी आहेत तशा उतरवून पाठव, सुधारू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक