वाचक विचारतात: खो-खोवाली मुलगी अमेरिकेत कुठल्या टीममध्ये जाणार?

प्रश्न: नमस्कार मावशी. आम्ही जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनजवळ राहायला आलोय. मुलगी सप्टेंबरपासून नववीत जाईल. तिकडे शाळेच्या खो-खो टीममध्ये होती, जिल्ह्यापर्यंत खेळलीये. इथे खो-खो नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसलीये. शाळेच्या साईटवर फॉल, विंटर, स्प्रिंग असे तीन तक्ते आहेत, त्यात व्हर्सिटी, जेव्ही, ट्रायआउट असं काय काय लिहिलंय, डोकं चक्रावलं. तिला कशात घालू? आणि कॉलेज ॲडमिशनला याचा फायदा होतो का हो? – गोंधळलेला बाबा

उत्तर: बाबा, खेळ नंतर ठरवा, आधी फॉर्मचं बघा. शाळा सप्टेंबरात सुरू होत असली तरी फॉलच्या टीम्सची प्रॅक्टिस ऑगस्टमध्येच सुरू होते, आणि डॉक्टरांनी सही केलेला फिजिकलचा, म्हणजे शारीरिक तपासणीचा फॉर्म शाळेत गेला नसेल तर कोच पोरीला मैदानात पाऊल ठेवू देत नाही. तुमच्या राज्यात ही तपासणी 365 दिवस चालते, पण ती 90 दिवसांपेक्षा जुनी असेल तर मधल्या काळात काही दुखापत-आजार झाला का याचा आणखी एक कागद आईवडिलांनी भरून द्यायचा असतो. ऑगस्टमध्ये सगळं गावच डॉक्टरकडे लाईन लावतं, त्यामुळे आजच फोन फिरवा. तुम्ही नवीन आलायत, तर ॲथलेटिक डायरेक्टरच्या ऑफिसला एक ईमेलही टाका, बाहेरून आलेल्या मुलांसाठी आणखी काही कागद लागतात का ते तेच सांगतील.

आता सीझनचं. आपल्याकडे कसं, पावसाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा लागल्या की सर टीम काढतात, आठ-पंधरा दिवस घाम गाळायचा आणि पहिलीच मॅच हरलो की वर्ष संपलं, पुढच्या जुलैत भेटू! इथे तसं नाही. एक टीम साधारण तीन महिने जगते, त्यात लीगच्या मॅचेस ठरलेल्या असतात, हरा नाहीतर जिंका, पुढच्या आठवड्यात परत बस भरून जायचंच. फॉल ऑगस्ट ते नोव्हेंबर, विंटर नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आणि स्प्रिंग तिथून जूनपर्यंत. म्हणजे एकच पोरगी वर्षात तीन वेगळ्या टीम्समधून खेळू शकते आणि खेळतातही बऱ्याच. व्हर्सिटी म्हणजे शाळेची मुख्य टीम, जेव्ही म्हणजे तिच्याखालची, आणि काही खेळांत नववीवाल्यांची वेगळी. नववीत जेव्हीत टाकलं म्हणून घरात सुतक पाळू नका, ते नेहमीचंच आहे.

ट्रायआउट मात्र जपून. सॉकर, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल इथे ‘कट’ असतो, म्हणजे दोन-चार दिवस खेळवून बघतात आणि मग यादी लागते. सॉकरमधल्या पोरी बालवाडीपासून क्लबमध्ये खेळत आलेल्या असतात, त्यांच्यासमोर नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात उभं करून तिचा हिरमोड कशाला करायचा? माझं स्पष्ट मत, पहिल्या फॉलला क्रॉस कंट्रीत घाला. बहुतेक शाळांत त्यात कुणालाच काढत नाहीत, जो येईल तो टीममध्ये.

लोकांना वाटतं क्रॉस कंट्री म्हणजे नुसतं पळणं, टीमचा काय संबंध. अहो, संबंध तिथेच आहे! 5 किलोमीटरची रेस, तीही गवतातून, झाडीतून, चढ-उतारांवरून. व्हर्सिटीच्या रेसला एका शाळेच्या सात मुली, त्यातल्या पहिल्या पाचजणींचे नंबर बेरजेत धरतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. पाचही जणी सगळ्यांच्या पुढे आल्या तर 1 ते 5 ची बेरीज 15, यापेक्षा भारी स्कोअर नाहीच. आता गंमत बघा, तुमची पहिली मुलगी रेस जिंकली आणि पाचवी साठाव्या नंबरावर रेंगाळली तर टीम गेली बाराच्या भावात, म्हणून आम्ही सगळे पालक दोरीपाशी उभे राहून पहिलीसाठी जरा टाळ्या वाजवतो आणि मग चौथी-पाचवीसाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. सहावी-सातवीही फुकट जात नाहीत, त्या समोरच्या शाळेच्या पाचवीच्या आधी आल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो. राज्याच्या मोठ्या रेसेस होल्मडेल पार्कमध्ये होतात, तिथला ‘बोल’ नावाचा खड्डा, म्हणजे एकदम खाली उतरायचं आणि लगेच वर चढायचं, तो एकदा बघून या, नुसतं बघूनच पोटऱ्या भरून येतात.

खो-खोचं काय वाया जात नाही हो. जिने पोल मारलाय, चेन खेळताना बसलेल्या खेळाडूंमधून अंग चोरून निसटलीये, तिला स्प्रिंगमध्ये लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) किंवा ट्रॅकच्या स्प्रिंट्स जमतील, पुढच्या फॉलला फील्ड हॉकीही बघा, त्यात कितीतरी जणी हायस्कूलला आल्यावरच पहिल्यांदा स्टिक धरतात. आणि खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला, भारताच्या मुली जिंकल्या, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे, हे तिने नव्या मैत्रिणींना खुशाल सांगावं.

कॉलेजबद्दल मात्र स्वप्नं जरा आवरा. देशभरात 80 लाखांच्या आसपास मुलंमुली हायस्कूलच्या टीम्समध्ये खेळतात, त्यातले एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, कॉलेज टीम्सपर्यंत पोचतात पाच-साडेपाच लाख, आणि स्कॉलरशिप त्यातल्याही थोड्यांनाच. अर्जात चार वर्षं एका टीममध्ये टिकली हे चांगलंच दिसतं, पण त्याच्यासाठी घालू नका. खरा फायदा ऑगस्टमध्येच मिळतो, शाळेची पहिली घंटा व्हायच्या आधी तिला वीस-तीस ओळखीचे चेहरे मिळालेले असतात, डबा कुणाबरोबर खायचा हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: माझा नातू टेक्ससला हायस्कुलात आहे. दर शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या टीमबरोबर बसने जातो पण खेळत नाही म्हणे, ढोल वाजवतो. मध्यंतरी गणितात नापास झाला तर त्याला ढोलही वाजवू दिला नाही! खेळाचा राग ढोलावर का? – आजी, सातारा

उत्तर: आजी, नातू मार्चिंग बँडमध्ये आहे, आणि तिकडे त्याला टीमइतकाच मान आहे. शुक्रवारची मॅच म्हणजे अख्ख्या गावाची जत्रा असते, हाफटाइमला बँड मैदानात उतरून चालता चालता वाजवतो, आपल्या ढोल-ताशा पथकासारखे महिनोन्‌महिने सराव करतात पोरं, तेही टेक्ससच्या ऑगस्टच्या उन्हात. आता राग कुणाचा नाही, कायदाच आहे. 1984 मध्ये टेक्ससने नियम केला, पास नाही तर खेळ नाही. कुठल्याही विषयात 70 च्या खाली गेलं की निदान तीन आठवडे मॅच बंद, आणि तो बँडलाही तसाच लागू. प्रॅक्टिसला जाता येतं, तीन आठवड्यांनी मार्क सुधारले असले की परत वाजवायला मोकळा. मला विचाराल तर नियम चांगलाय, फक्त गणितासाठी पोराला ओरडताना ढोल सोडायला लावू नका, त्या ढोलासाठीच तो गणित करेल.

प्रश्न: आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये शिफ्ट होतोय. मुलगा फक्त आणि फक्त क्रिकेट खेळतो. हायस्कुलात काही चान्स? – सौ., सध्या ठाणे

उत्तर: आहे की! न्यूयॉर्क शहराच्या सरकारी हायस्कूल्सच्या लीगमध्ये, पीएसएएल म्हणतात तिला, 2008 पासून क्रिकेट आहे आणि कॅरिबियन नि आपल्याकडची मुलं जिथे जास्त तिथल्या टीम्स एकदम तगड्या असतात. सीझन स्प्रिंगचा. पण प्रत्येक शाळेची टीम नसते, त्यामुळे हायस्कूलच्या पसंतीक्रमाची यादी भरायच्या आधी पीएसएएलच्या साईटवर क्रिकेटच्या टीम्स बघून घ्या, एकदा शाळा मिळाली की नुसत्या क्रिकेटसाठी बदलून मिळणं अवघड.