सिझरनंतर सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप: दूध भरल्याचा की सेप्सिसचा?

तुम्ही लिहिलंय: बहीण तासगावजवळ माहेरी आहे, सिझरला सहा दिवस झालेत, काल रात्री हुडहुडी भरून ताप आला, गोळीनं उतरला. घरचे म्हणतात दूध भरल्याचा ताप. बाळही आज नीट पीत नाही.

दोघांनाही आत्ताच हलवा. 108 ला फोन लावा आणि बाकीचं गाडी येईपर्यंत वाचा. उद्या सातव्या दिवशी आशाताई येतीलच म्हणून थांबू नका.

दूध भरल्याचा ताप साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, बारीक असतो, दिवसभरात ओसरतो. हुडहुडी भरली की गर्भपिशवी, टाके, लघवी किंवा स्तनात जंतुसंसर्ग आहे असंच धरून चालायचं. तो अंगभर भिनून जिवावर बेतला की त्याला सेप्सिस म्हणतात. पॅरासिटामॉलनं जंतू मरत नाहीत, फक्त थर्मामीटरवरचा आकडा खाली येतो. म्हणून मी नाडी आणि श्वासावर जास्त भरवसा ठेवेन. ती निवांत पडलेली असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. नाडी 110 च्या किंवा श्वास 25 च्या वर गेला तर धोका मोठा. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ओटीपोटात दुखणं, लघवी कमी होणं, असंबद्ध बोलणं हेही डॉक्टरांना सांगा.

बाळालाही जंतुसंसर्ग झाला असला तरी ताप येईलच असं नाही, पुष्कळदा ते गार पडतं. काखेत 99.5 फॅरनहाइटच्या वर किंवा 95.9 च्या खाली, शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, नाळेभोवती लाली ही लक्षणं. पण यातलं काही नसलं तरी पिणं कमी झालंय, एवढं एकच कारण न्यायला पुरेसं आहे. शेगडीचा शेक नको, त्यानं गारठा झाकला जातो. वाटेत कुणीतरी त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. गुटी, मध काही चाटवू नका. नाळेला हळद-तेलही नको, ती कोरडीच ठेवा.

गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून परत येण्यात मोलाचे तास जातात. सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलला न्या. डिस्चार्ज कार्ड आणि गोळी किती वाजता दिली ते सोबत ठेवा. दारातच सांगा, “सिझरचा सहावा दिवस, थंडी-ताप, सेप्सिस आहे का बघा.” संशय पक्का असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी न थांबता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.