वाचकांचे प्रश्न : तैपेईतली देवांची रात्रगस्त

(तैवानची राजधानी तैपेई इथे दरवर्षी छिंगशान वांग हा ताओ परंपरेतला देव आपल्या शिपायांसह रात्री गस्तीला निघतो. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही.)

प्रश्न : कामानिमित्त तैपेईला जाणार आहे. ही गस्त नेमकी कधी आणि कुठे पाहायला मिळेल? (पुणे)

उत्तर : चिनी चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात. विसावी आणि एकविसावी या दोन रात्री गस्त आणि बाविसाव्या दिवशी देवाच्या वाढदिवसाची मोठी मिरवणूक. २०२४ मध्ये हे दिवस २० ते २२ नोव्हेंबरला आले. २०२६ मध्ये २८ ते ३० नोव्हेंबरला येतील. चिनी महिनाही अमावस्येपासून धरतात, त्यामुळे आपल्या कॅलेंडरात वद्य चतुर्थी-पंचमी पाहिली की पहिल्या रात्रीचा अंदाज येतो. महिना बहुधा कार्तिक, कधी मार्गशीर्ष.

मंदिर वानह्वा या जुन्या भागात क्वेयांग रस्त्यावर आहे. लुंगशान मंदिराच्या मेट्रो स्थानकावर उतरून चालत जा. छिंगशान वांग हा तिसऱ्या शतकातला, वू राज्याचा चांग आडनावाचा सेनानी. चीनच्या फूच्यान प्रांतातल्या ह्वेइआनचे रक्षण त्याच्याकडे होते; मरणानंतर तिथल्या लोकांनी त्याला देव केले. ह्वेइआनहून आलेल्या मंडळींनी मूर्ती तैपेईत आणली आणि १८५६ मध्ये मंदिर उभारले. मूर्ती वाटेत जागची हलेना, कौल लावला तर देवाला तिथेच राहायचे होते, असे सांगतात. साथीच्या काळात तो पावला, म्हणून मान वाढला.

गस्तीचे चिनी नाव ‘गुप्त तपासणी’ असे आहे. प्रत्यक्षात ढोल, झांजा, फटाके, दिव्यांच्या गाड्या. गुप्त काहीही नाही. कल्पना अशी की वाढदिवसाच्या आधी देवाने आपल्या हद्दीतली भटकी भुते आणि अरिष्टे पकडून हद्द मोकळी करावी. तो भुतांशी मल्लयुद्ध करत नाही. तो अधिकारी आहे. पकडायला शिपाई आहेत, बेड्या आहेत, हुकमाच्या पाट्या आहेत. हे ध्यानात ठेवले की मिरवणुकीतली निम्मी चिन्हे आपोआप कळतात.

प्रश्न : मिरवणुकीच्या फोटोंत एक जीभ बाहेर काढलेला उंच गोरा आणि एक काळा बुटका असे दोन मोठे बाहुले दिसतात. हे कोण, आणि त्यांना चालवतात कसे? (ठाणे)

उत्तर : ते शिपाईच. उंच तो श्ये, त्याला सातवा साहेब म्हणतात. बुटका फान, आठवा साहेब. कथा फूच्यानमधल्या फूचौ शहराची. दोघे जिवलग मित्र, पुलाखाली भेटायचे ठरले. पाऊस आला म्हणून श्ये छत्री आणायला गेला. नदीला पूर आला, पण शब्द दिलाय म्हणून फान खांबाला मिठी मारून तिथेच राहिला आणि बुडाला. परत आलेल्या श्येने गळफास घेतला. फानचा काळवंडलेला चेहरा आणि श्येची लोंबती जीभ त्यावरून आली. दिल्या शब्दासाठी जीव देणारे म्हणून पाताळाच्या दरबारात त्यांना आरोपी पकडून आणायचे काम मिळाले.

बाहुल्याचा सांगाडा बांबूचा किंवा वेताचा असतो, त्यावर डोके बसवतात आणि झगा चढवतात. आत एकच माणूस उभा राहून सांगाडा खांद्यावर घेतो. श्येचा चेहरा त्या माणसाच्या खूप वर असल्याने तो झग्याच्या पोटाशी ठेवलेल्या फटीतून पाहतो. समोरचे थोडेसे दिसते, पायाखालचे जवळजवळ नाहीच. म्हणून पुढे वाट मोकळी करणारा सोबती लागतो. बाहुल्याचे हात सैल लोंबत असतात. ते ओढायला दोरी नसते. आतल्याने कंबर आणि खांदे वळवले की बाह्या आपसूक हेलकावतात. श्येची चाल लांब टांगांची आणि मोठ्या झोक्याची, फानची खांदे उडवत डुलणारी. नवखा माणूस हातांनी झोका द्यायला जातो, आणि तिथेच तोल जातो. वजन सगळे वर, त्यात झग्यात वारा भरतो. लोंबत्या तारांखाली श्येला वाकवून न्यावे लागते. दमल्यावर भर रस्त्यात माणूस बदलतात. ती अदलाबदल जरूर पाहा. सांगाडा कसा बनवलाय ते त्या मिनिटभरात कळते.

प्रश्न : या बाहुल्यांच्या गळ्यातली बिस्किटे एका सहकाऱ्याने दिली. खायची की देव्हाऱ्यात ठेवायची? आम्ही शाकाहारी आहोत. (शिन्चू, तैवान)

उत्तर : खायची. तो प्रसादच आहे. घरात शांतता राहावी, मुले धड राहावीत म्हणून देतात. गोल, खारट, मधे भोक असलेली ही बिस्किटे दोऱ्यात ओवून या शिपायांच्या गळ्यात घालतात आणि मिरवणुकीत वाटतात. सोळाव्या शतकात फूच्यानच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढणाऱ्या छी ची-ग्वांग या सेनानीने सैनिकांना शिदोरी गळ्यात अडकवता यावी म्हणून ती करवली, अशी समजूत आहे. चिनी बेकरीत डुकराची चरबी वापरण्याची पद्धत आहे, तेव्हा घटक विचारूनच खा. चालत नसेल तर दुसऱ्याला द्या. ठेवून दिलीत तर मुंग्या होतील.

प्रश्न : हा गस्तीचा देव आपल्या वेतोबासारखाच म्हणायचा का? (वेंगुर्ला)

उत्तर : काम तेच. आरवलीचा वेतोबा रात्री फिरतो म्हणून त्याला चपला वाहतात. फरक इतकाच, वेतोबा स्वतः चालतो आणि छिंगशान वांग पालखीत बसतो. चालतात ते शिपाई.

प्रश्न : मंदिरात लाकडी तुकडे टाकून कौल घेतात. परक्याने घेतला तर चालतो का? रीत काय? (नाशिक)

उत्तर : चालतो. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. आधी नाव, जन्मतारीख, पत्ता मनात सांगा. अधिकाऱ्यापुढे अर्ज ठेवताय, पत्ता हवाच. मग ‘हो किंवा नाही’ असे उत्तर येईल असा एकच प्रश्न. तुकडे छातीशी धरून हलकेच जमिनीवर सोडा. एक सपाट वर आणि एक फुगीर वर, म्हणजे होकार. दोन्ही फुगीर वर, नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला: प्रश्न धड विचारला नाही, किंवा उत्तर तुम्हाला माहीतच आहे. महत्त्वाच्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात. लोक चुकतात ते प्रश्नात. ‘नोकरी सोडू की राहू?’ याला कौल काय सांगणार?

प्रश्न : लहान मुलांना नेले तर चालेल का? (डोंबिवली)

उत्तर : मंदिराच्या दारात नको. फटाके असतात. २०२० मध्ये आवाज आणि धुरावरून रहिवाशांच्या तक्रारींचा मोठा वाद झाला होता. मार्गावर दूरची गल्ली निवडा, कानात बोळे, तोंडाला मास्क, अंगात सुती कपडे. नायलॉनवर ठिणगी पडली की भोक पडते. पालखी आणि पथकांच्या मधून रस्ता ओलांडू नका, तो मोठा अपमान समजतात. गळ्यात कागदी खोडा अडकवून चालणारी माणसे दिसतील. ती आपल्या चुकांची शिक्षा स्वतःहून भोगत असतात आणि खोडा शेवटी जाळतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मिरवणूक ठरल्या वेळेपेक्षा पुष्कळ उशिरा पोचते, म्हणून परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते आधीच पाहून ठेवा.