रोजच्या 10 ओव्या

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सदाचाराने जगायचे असेल तर कोणत्या ग्रंथाची पारायणे करावीत आणि किती करावीत, असे तू विचारले आहेस. ग्रंथ ज्ञानेश्वरीच घे. पण ‘किती’ हा शब्द तेवढा मनातून काढून टाक. सुमारे 9,000 ओव्यांचा हा ग्रंथ 7 दिवसांत पुरा करायचा म्हणजे रोज 1,200 हून अधिक ओव्या होतात, आणि सप्ताहात चार माणसांच्या संगतीने वाचण्याचा आनंद मोठा असला, तरी त्या वेगात एखाद्या ओवीने आपल्याला थांबवून जाब विचारावा इतकी सवड तिला मिळत नाही. तू रोज 10 ओव्या वाच. अडीच वर्षे लागतील, लागू देत. सार्थ प्रत घे, मात्र मूळ ओवी दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय खालच्या अर्थाकडे डोळे जाऊ देऊ नकोस.

तेराव्या अध्यायाशी आलास की आणखी हळू हो. गीतेने अवघ्या 5 श्लोकांत सांगितलेली ज्ञानाची लक्षणे, म्हणजे अमानित्व (मानाची हाव नसणे), अदंभित्व (ढोंग नसणे), अहिंसा, क्षांती (क्षमा), आर्जव (मनाचा सरळपणा) आणि पुढची सारी, ज्ञानदेवांनी शेकडो ओव्यांतून उलगडली आहेत. केसर कुचंबतील या शंकेने भुंगा कमळावर पाय किती हळुवार ठेवतो, ते तिथे अहिंसेच्या विवेचनात वाचशील. ज्ञान म्हणजे माहिती, असे आपण शाळेपासून समजत आलो आहोत. इथे ज्ञान माणसाच्या चालण्याबोलण्यावरून ओळखले जाते, आणि माझ्या मते सदाचाराचा सारा विचार या एका गोष्टीत सामावलेला आहे.

हे मला फार उशिरा कळले. भांडी बाजारात मी दुकान चालवीत होतो, त्या काळातली ही गोष्ट आहे. तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत घेताना सांध्यांवरचा डाग आणि कल्हई यांपोटी वजनात घट धरत असू. एके सकाळी आर्जवाच्या ओव्या वाचून मी गादीवर बसलो आणि घंगाळ विकायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला काटा वाचता येत नाही हे पाहून नेहमीच्या दुप्पट घट कापली. ओव्या मला तोंडपाठ होत्या. रात्री हिशेब लिहिताना हात थांबला, तेव्हा तिचे नाव-गाव काहीच आपण विचारले नव्हते हे लक्षात आले, आणि ती पुन्हा कधी आली नाही. दुसऱ्या दिवसापासून काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवले आणि आकडा मोठ्याने सांगू लागलो. पण तिचे पैसे माझ्याकडेच राहिले.

पंचवटीत राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला, आणि अनेक वर्षांच्या त्या लढ्यातही दार उघडले नाही. दार अडवणाऱ्यांच्या घरी पोथ्या नव्हत्या असे नाही. त्यांनी शास्त्राचाच आधार पुढे केला होता. संन्याशाची मुले म्हणून निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव यांनाही शास्त्राच्याच नावाने दूर ठेवले गेले होते, ही कथा तू लहानपणापासून ऐकली आहेस. काय करावे आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र प्रमाण मानावे, असे गीतेचा सोळावा अध्याय शेवटी सांगतो, आणि मी ते मनापासून मानतो. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्ती म्हणून अहिंसा, सत्य आणि भूतदया सांगितल्या आहेत, त्या गाळून शेवटचा श्लोक दुसऱ्यावर उगारणे हा ग्रंथाचा द्रोह आहे. म्हणून वाचताना ‘ही ओवी अमक्याला लागू पडते’ असे मनात आले, की तिथेच थांब आणि ती स्वतःला लावून पुन्हा वाच. घरात, विशेषतः आईशी आणि हाताखालच्या माणसांशी बोलताना, काही बदलले का, हे महिन्याने पाहा. त्यांना विचारलेस तर अधिक बरे.

वाचनाची वेळ पहाटेचीच हवी असा माझा आग्रह नाही. नोकरीवरून आल्यावर हातपाय धुऊन बसलास तरी चालेल, फक्त जागा एकच ठेव.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी मी त्र्यंबकेश्वरला जाणार आहे. ज्या ज्येष्ठ भावाला ज्ञानदेवांनी गुरू मानले, त्याच्या समाधीपुढे तुझ्या आवाजात ओव्या ऐकाव्यात अशी माझी इच्छा आहे. आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला ये, आणि तोवर जिथे अडशील त्या ओव्यांचे क्रमांक लिहून आण.

तुझा,
काका