पहिल्यांदाच लेखक-महोत्सवाला जाताय?

कार्यक्रमपत्रिका हातात आली की सगळ्यावर खुणा करत सुटू नका. दिवसाला ३ सत्रं पुरे. चौथ्याला कान मिटतात. त्यातली एक तरी कार्यशाळा असू द्या आणि तिची नोंदणी आधीच करा. तिथे जागा बहुधा १५-२०च असतात, परिसंवादाला ऐनवेळीही खुर्ची मिळते.

कार्यशाळेत वाचायला ५०० शब्दांचा एकच उतारा न्या. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा, चारेक मिनिटं लागतात. ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवून, कागदाच्या एकाच बाजूला छापा, म्हणजे इतरांना शेरे लिहायला जागा राहते. चर्चा सुरू झाली की खुलासे देत बसू नका. पुस्तकासोबत तुम्ही वाचकाच्या घरी थोडेच जाणार आहात! कोण कुठे अडखळलं, तेवढं टिपा. तिघं एकाच वाक्याशी थांबले, तर दोष वाक्याचा.

प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न, तोही एका वाक्यात.

प्रकाशक भेटले तर जाडजूड हस्तलिखित हातात कोंबू नका. ते घेऊन त्यांनी दिवसभर फिरायचं कुठे? पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि कुठे, कसं पाठवायचं ते विचारून घ्या. टिपणं त्याच रात्री नीट उतरवा. सोमवारी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.