आजुम्मा म्हणजे आजी नव्हे

प्रश्न असा आलाय की कोरियन मालिकांमधे बाईला कधी यॉजा म्हणतात, कधी आजुम्मा, मग खरा शब्द कोणता आणि आजुम्मा आपल्या आजी-अम्मावरून आलाय का. दुसरा भाग आधी घेतो कारण हे इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. नाही, आजीवरून नाही आणि अम्मावरूनही नाही.

नाम्जा-यॉजा सरळ चिनीतून आलेले, पुरुष आणि स्त्री, कुणाबद्दल बोलताना वापरायचे, हाक मारायला नाही. यॉजा मुळात न्यॉजा, दक्षिण कोरियात सुरुवातीचा 'न' हा आवाज गळला, उत्तर कोरियात अजून न्यॉजाच. बास, त्यात फार काही नाही.

खरी मजा आजुम्मात आहे. हे आजुमॉनीचं आखूड रूप आणि त्यातला 'आज्' म्हणजे जुन्या कोरियनमधे धाकटा, मुख्याच्या खालचा, पुढे आई जोडली की झाली धाकटी आई, म्हणजे मावशी, काकू, आत्या सगळ्या. आजॉश्शी, म्हणजे आपण काका म्हणतो तसं, त्याचंही तेच, जुनं रूप आजाबी, धाकटा बाप. जुन्या ग्रंथांत पुतण्या-भाच्याला आछान-आदुल, धाकटा मुलगा, असं म्हटलंय, आणि नववर्षाच्या आदल्या दिवसाला आछान-सॉल, धाकटं नववर्ष! आता हा दिवस पोरं काछी-सॉल्लाल म्हणून ओळखतात, काछी म्हणजे मॅग्पाय पक्षी, युन गुक-यॉङच्या 1924 च्या बालगीतातही तेच आहे. मॅग्पाय शुभवार्ता आणतो म्हणून त्याचं नववर्ष, असं सांगणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही. आछानचा अर्थ लोक विसरले आणि कानाला जवळचा वाटला तो पक्षी तिथे येऊन बसला, हेच मत मला बरोबर वाटतं, म्हणजे आजुम्मा आणि हा पक्षी एकाच शब्दाचे धागे.

अम्मावाल्यांचा आधार म्हणजे होमर हल्बर्ट, कोरियात राहिलेले अमेरिकन मिशनरी, यांनी 1905 मधे कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनेचं अख्खं पुस्तक काढलं. अहो, आई-बापाचे शब्द जगभर बहुतेक ठिकाणी म आणि प-ब वर असतात, त्यावरून भाषांचं नातं ठरत नाही! कानडीत चिक्कम्मा म्हणजे लहान आईच, कल्पना तीच, पण शब्द वेगळा. इथेच तो वाद संपायला हवा होता.

ऑक्सफर्ड कोशाचं तर काय बोलायचं, 2021 मधे ओप्पा घेतला आणि त्यात देखणा कोरियन पुरुष, खास करून नट किंवा गायक, असाही अर्थ लावून दिला. इंग्रजीत चालत असेल, पण कोरियनमधे ओप्पा म्हणजे बाईने स्वतःपेक्षा मोठ्या भावाला, मित्राला किंवा प्रियकराला मारलेली हाक, पुरुषाने तिथे ह्यॉङच म्हणायचं. आपल्याकडची मुलं 'तो ओप्पा भारी आहे' म्हणतात ते ऐकवत नाही.

हां, हाक कशी मारायची ते राहिलं. अनोळखी बाईला आजुम्मा म्हणू नका, आता तो शब्द टोचतो, वय काढल्यासारखा लागतो. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना बरेच लोक इमो म्हणतात, इमो म्हणजे आईची बहीण, आपण दवाखान्यात मावशी म्हणतो अगदी तसंच. तेही नको वाटलं तर जॉगीयो म्हणा, 'अहो, जरा ऐका' असं, त्यात ना वय येतं ना नातं.