पडलेली गाय: आधी वाळू, मग औषध

प्रश्न : गाय ओल्या कोब्यावर घसरली, मागचे पाय फाकले. तीन दिवस झाले, उठत नाही. खाते-पिते. औषध दुकानदाराने कॅल्शियमच्या दोन बाटल्या आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं, फरक नाही. डोस वाढवावा का? पुलीने टांगून ठेवली तर चालेल का? किती दिवस वाट पाहायची? विमा आहे, त्याचं काय?

उत्तर : डोस वाढवू नका. कॅल्शियम कमी पडून गाय बसते ती मिल्क फिव्हरमध्ये, आणि तो बहुतेक वेळा व्यायल्यावर पहिल्या ७२ तासांत येतो. त्यात कान गार, नाक कोरडं, मान वळवून कुशीला लावलेली, गाय गुंगीत. तुमची गाय खाते आहे, म्हणजे ती शुद्धीत आहे. पाय फाकले तेव्हा मांडीचे स्नायू फाटले असतील, नस दबली असेल किंवा खुबा निखळला असेल. यातलं काहीही बाटलीने जुळत नाही. उलट शिरेतून कॅल्शियम भराभर सोडलं की हृदय जागेवर बंद पडू शकतं. मिल्क फिव्हरमध्येसुद्धा ४५० मिलीची बाटली अंगाच्या उबेला आणून, छातीचे ठोके ऐकत, किमान दहा-पंधरा मिनिटं घेऊन द्यावी लागते. दुकानदार ठोके ऐकायला गोठ्यात येत नाही.

तीन दिवस गाय कोब्यावरच आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला पहिलं तेच विचारायचं होतं. चार-पाचशे किलोचं धूड एका मांडीवर रेललं की त्या मांडीचा रक्तपुरवठा अडतो. कठीण जमिनीवर सहा ते बारा तासांत तिथला स्नायू मरायला लागतो, नस बधिर होते. मूळ मार बरा होत येतो आणि पाय मात्र कामातून जातो. लघवी गडद तांबूस, काळपट दिसली तर स्नायू विरघळू लागलेत असं समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. मी पाहिलेल्या बहुतेक गाई पडल्यामुळे गेल्या नाहीत, पडून राहिल्यामुळे गेल्या.

म्हणून आजच वाळू टाका. निदान दहा-बारा इंच जाड, गाय दोन्ही कुशींवर वळेल एवढी पसरट. वाळू नसेल तर भुसभुशीत माती, वर कडबा-भुस्सा. चार बोटं भुस्सा अंथरून गादी केली म्हणणारे मला रोज भेटतात. गाय बसली की तो दबून खाली फरशीच उरते. गाईला तिथवर न्यायचं ते जुनं दार, पत्रा किंवा जाड ताडपत्रीवर सरकवून. गळ्याला किंवा पायाला दोर बांधून फरफटत नेऊ नका.

मग दर तीन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. दोघांनी पुठ्ठ्याशी (ढुंगणाशी) लागून मागचा भाग पलीकडे लोटायचा आणि खाली दबलेला पाय मोकळा करून बाहेर घ्यायचा. छातीवर बसती ठेवा, बाजूला भुस्सा भरलेल्या गोण्या लावा. सपाट आडवी पडली तर पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जातं. मागच्या दोन्ही पायांना घोट्यांच्या वर मऊ पट्टा बांधून मधे दोन-अडीच फूट अंतर ठेवा, म्हणजे उठताना पाय पुन्हा फाकणार नाहीत. पाण्याचं टोपलं तोंडाशी हवं. धार काढत राहा, सड पुसून कोरडे ठेवा. घाणीत बसलेल्या गाईला कासेचा रोग लगेच धरतो. शेपूट पिरगाळणं, नाकात पाणी ओतणं, काठीने टोचणं बंद. बाटलीने तोंडात काही ओतू नका, गुळाचं पाणीही नको.

टांगून ठेवायचं नाही. खुब्याच्या हाडांना लावायचा चिमटा किंवा पोटाखालचा पट्टा उठायला हात देण्यापुरता असतो. चिमट्याला जाड कापड गुंडाळा, छातीलाही आधार द्या, दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं. गाय पायावर भार घेत नसेल, नुसती लोंबकळत असेल, तर लगेच खाली घ्या.

ते ताकदीचं इंजेक्शन कोणतं होतं, त्याची रिकामी बाटली जपून ठेवा. पुष्कळदा ते स्टेरॉइड असतं. दोन-चार तास गाय तरतरीत दिसते, दुकानदाराचं नाव होतं, आणि गाय भरदिवसांची गाभण असेल तर गाभ टाकते. वेदनाशामक लागतं, पण पाणी कमी प्यायलेल्या गाईला वाढवून दिलं तर मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तर मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून भारतात जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, तरी कोणी ना कोणी माणसांच्या औषधाची बाटली काढून देतोच. घेऊ नका. पुठ्ठ्यात सुई टोचू देऊ नका, तिथली मोठी नस दुखावली की दुसरा पांगळेपणा येतो.

किती दिवस? खुराच्या दोन नख्यांमधली कातडी चिमटा. पाय ओढून घेतला तर संवेदना शाबूत आहे. खाणं, रवंथ, उठायची धडपड चालू असेल तर धीर धरा. आठ-दहा दिवसांनी उठलेल्या गाई मी पाहिल्या आहेत. पाय हलवताना हाड करकरत असेल किंवा वेडावाकडा कोन दिसत असेल तर वाट पाहू नका. निखळलेला खुबा बसवायची खरी संधी पहिल्या दिवसभराची असते. तीन दिवस बाटल्यांत गेले, तरी आज तपासून घ्या. खाणं सुटलं, अंगाला जखमा पडल्या, धडपड थांबली, तर पुढचा निर्णय पशुवैद्यकाशी स्पष्ट बोलून घ्या. एक वेगळी सूचना: मार लागलेला नसताना गाय बसली, लाळ गळते, आवाज बदलला, तर तोंडात हात घालू नका, पिसाळल्याचीही तीच लक्षणं असतात.

विमा: कंपनीला आजच कळवा, गाय गेल्यावर नको. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो, पशुवैद्यकाच्या उपचाराचे कागद. दुकानदाराची पावती दाव्याला उपयोगाची नाही.